आजीचं तपेलं आणि ना. म. जोशी

आमच्या मोरीत अजून एक पितळी तपेलं आहे. बुडाला काळं, काठाला एका बाजूने चेपलेलं. चेपलेल्या जागेखाली ठिपक्याठिपक्यांनी आजीचं नाव घातलंय आणि नावाखाली साल, १९४३. पूर्वी भांडं विकत घेतलं की दुकानातच नाव घालून मिळायचं. नाव घालणारा छिन्नी-हातोडी घेऊन दाराशी बसलेला असायचा, टकटक करत पाच मिनिटांत नाव उठवून द्यायचा. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण तपेलं घासूनपुसून झालं की ती त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "हे माझ्या पैशाचं." घरातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल तिला असं बोलताना मी ऐकलं नाही.

१९४३ हे माझ्या वडिलांच्या जन्माचं साल. आजी तेव्हा गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला होती. लढाईचे दिवस, धान्य रेशनवर, आणि त्यात घरात बाळंतपण. गिरणीतून तिला बाळंतपणाचे पैसे मिळाले आणि त्यातलेच थोडे बाजूला काढून बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवायला हे तपेलं आलं. पैसे कुणी दिले, असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. "मालकाने. कुणाच्या पोटात कधी माया येईल सांगता येत नाही, बाई."

आजोबा तिथेच पलंगावर बसलेले असायचे. एरवी मालक हा शब्द निघाला की त्यांचा आवाज चढायचा. पण आजी हे सांगत असताना ते काही बोलायचे नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं मला तेव्हा खटकलं नव्हतं.

आम्ही डिलाईल रोडचे. बीडीडी चाळीत एकशेसाठ चौरस फुटांची खोली, संडास मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून, आणि गॅलरीत उभं राहिलं की जिकडे बघावं तिकडे गिरण्यांची धुरांडी. शाळेच्या वहीवर पत्ता लिहायचा तो मात्र 'ना. म. जोशी मार्ग'. सात रस्त्याकडून लोअर परळला जाणाऱ्या या रस्त्याचं नाव बदलून कितीतरी वर्षं झाली, पण लोकांच्या तोंडून डिलाईल रोड काही गेला नाही. लोअर परळचा पूल २०१८ मध्ये बंद केला आणि २०२३ मध्ये पुरता खुला झाला, तेव्हा बातम्यांतही तो डिलाईल रोडचाच पूल होता. रेशनकार्ड, लाइटबिल, लग्नाची पत्रिका, मृत्यूचा दाखला, सगळ्यांवर ना. म. जोशी. हा माणूस कोण, हे मात्र चाळीत कुणी कुणाला सांगत नव्हतं.

आजोबांना ठाऊक होतं. ते त्रासन म्हणजे सूतकताईच्या खात्यातले, लाल बावट्याच्या कम्युनिस्ट युनियनचे. १९४० च्या महागाईभत्त्याच्या संपात चाळीस दिवस घरी बसलेले. कॉम्रेड डांगे हे नाव त्यांच्या तोंडी देवासारखं यायचं. जोशींचं नाव निघालं की मात्र ते हात झटकत. "ते अर्जवाले," म्हणत. "सरकारला अर्ज, मालकाला अर्ज. अर्जाने कधी कुणाला काय मिळालंय? हिसकावून घ्यावं लागतं."

'अर्जवाले' हा शब्द माझ्या डोक्यात बसला. पुढे माझं सगळं आयुष्य अर्ज टाइप करण्यात गेलं, हे त्याचं एक कारण असेल.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. मुंबईतले जवळपास अडीच लाख कामगार संपात उतरले. वडीलही उतरले. त्यांची गिरणी पुन्हा धड चालू झालीच नाही. बारावी होताच मी टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि कामगारांचे खटले चालवणाऱ्या एका वकिलांच्या ऑफिसात लागले. थकलेल्या पगाराचा अर्ज, ग्रॅच्युइटीचा अर्ज, बडतर्फीविरुद्धचा अर्ज, अपघाताच्या भरपाईचा अर्ज. वर मूळ प्रत, खाली कार्बन लावून तीन. 'अर्जदार नम्रपणे सादर करतो की' हे शब्द मी किती हजार वेळा बडवले असतील, याची गणती नाही.

एक अर्ज विसरता येत नाही. माणूस साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा होता, डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट यंत्रात गेलेलं. अर्ज टाइप करून झाला आणि मी सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला. डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा असतो ना. त्याने हात वर केला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी पॅड मागे घेतला. उजव्या अंगठ्याचा ठसा घेतला, त्याखाली तसं लिहिलं आणि टेबलामागे जाऊन जरा वेळ नुसती बसले. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या शेवटी एक तक्ता असतो. अंगठा गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली, तर्जनी गेली तर किती, एक पेर गेलं तर किती. पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा येतो. पण तो तक्ता नसता, तर त्या माणसाला मालकाच्या दारात उभं राहून हात दाखवावा लागला असता आणि समोरच्याला जी किंमत वाटेल ती घ्यावी लागली असती.

त्या दिवशी आमच्या साहेबांनी कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं आणि नावाखालचं साल दाखवलं, १९२३. मग दुसरं, कामगार संघटनांचा कायदा, १९२६. तिसरं, वेतन प्रदान कायदा, १९३६. म्हणाले, "या तिन्ही वेळेला दिल्लीच्या सभागृहात कामगारांच्या बाजूने एक माणूस उभा होता. तू राहतेस ना, तो रस्ता त्याच्या नावाचा आहे."

त्यानंतर मी नारायण मल्हार जोशी वाचायला घेतले. मिळेल तिथून आणि मिळेल तसे.

जन्म ५ जून १८७९, गोरेगाव. मुंबईचं नव्हे, माणगाव तालुक्यातलं, आजच्या रायगडमधलं. पुण्याला शिकले, डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले, काही वर्षं मास्तरकी केली. १९०९ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले. तिथे जायचं म्हणजे पैसा मिळवायची वाट स्वतः होऊन बंद करायची. १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग निघाली ती त्यांच्याच खटपटीने. कामगारांच्या वस्तीत रात्रीच्या शाळा, मोफत वाचनालयं, पेटीत पुस्तकं भरून चाळीचाळीतून फिरवायची. परळचं दामोदर नाट्यगृह याच लीगचं. गिरणगावातल्या कितीतरी नटांचा पहिला रंग तिथल्या आरशासमोर चढला. आमच्या चाळीतले दोघेतिघे तिथे कामं करायचे आणि त्यांच्या नाटकाला अख्खा मजला लोटायचा.

कामगारांसाठी उभे राहिलेले जोशी काही पहिले नव्हेत. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र केलं होतं, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्यामुळे. सत्यशोधक परंपरेतून आलेला तो माणूस प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता १८९७ मध्ये गेला. मला विचाराल तर लोखंड्यांची उंचीच वेगळी. जोशींचं निराळेपण कायद्याच्या सभागृहात आहे. कामगारांचा माणूस म्हणून तिथे जाऊन बसणं आणि पंचवीस वर्षं बसून राहणं, हे त्यांनी केलं.

त्या बसण्याची सुरुवात वॉशिंग्टनला झाली. पहिलं महायुद्ध संपलं, आंतरराष्ट्रीय मजूर संघटना निघाली आणि १९१९ च्या ऑक्टोबरअखेर तिची पहिली परिषद भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना नेमलं. सल्लागार म्हणून मद्रासचे कामगार पुढारी बी. पी. वाडिया बरोबर होते. त्या वेळी इकडच्या कापड गिरण्यांत पुरुषांचा दिवस बारा तासांचा होता, तोही १९११ च्या कायद्याने बांधलेला. त्याआधी पुरुषांना मर्यादाच नव्हती. परिषदेत जगासाठी आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरले, हिंदुस्थानला सवलत म्हणून साठ. साठ तासांची सवलत मालकांना होती, हे उघड आहे. पण बहात्तरांचे साठ झाले. १९२२ च्या फॅक्टरी कायद्यात ते आले आणि भोंगा त्याप्रमाणे वाजू लागला.

जोशींना कामगारांनी निवडलेलं नव्हतं, सरकारने निवडलं होतं. हे लोकांना खुपलं आणि खुपायलाच हवं होतं. पुढच्या परिषदेला आपला माणूस आपणच पाठवायचा तर देशभराची एक संघटना हवी. ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईच्या एम्पायर थिएटरात आयटक, म्हणजे ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, उभी राहिली त्यामागे हेही एक कारण होतं. अध्यक्ष लाला लजपतराय. जोशी त्या कामातही होतेच, आणि १९२५ पासून तिचे सरचिटणीस.

१९२१ मध्ये नवी केंद्रीय कायदेसभा बसली. जवळजवळ दीडशे सभासद. जमीनदार होते, व्यापारी होते, गोरे भांडवलदार होते, सरकारी अधिकारी होते. कामगारांच्या हिताचं बोलायला सरकारनियुक्त एक जागा, आणि त्या जागेवर जोशी. मतांचा हिशेब केला तर हातात काहीच नाही. पहिल्याच अधिवेशनात, मार्च १९२१ मध्ये, त्यांनी ठराव मांडला की कामगार संघटनांची नोंदणी व्हावी आणि त्यांना कायद्याचं संरक्षण मिळावं. हे का मांडावं लागलं, ते आज कुणाला चटकन पटायचं नाही. मद्रासेत बिन्नीच्या गिरणीच्या संपात कंपनी वाडियांविरुद्ध कोर्टात गेली होती आणि कोर्टाने युनियनवाल्यांवर मनाईहुकूम बजावला होता. माणसांना संपावर जायला सांगणं म्हणजे त्यांना करार मोडायला लावणं, असा तो न्याय. युनियन काढणाऱ्या कुणाच्याही घरावर जप्ती येऊ शकत होती. जोशींचा ठराव सरकारने मान्य केला आणि कायदा व्हायला पाच वर्षं लागली, १९२६ उजाडलं.

पाच वर्षं. मी आमच्या ऑफिसात तारखेवर तारीख पडताना पाहिली आहे. पहिल्या तारखेला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून येतो. दहाव्या तारखेला बायकोला पाठवतो. विसाव्या तारखेला कुणीच येत नाही. अर्ज करणं सोपं असतं. अर्जामागे लागून राहणं, दर वेळी तोच कागद तितक्याच गांभीर्याने पुढे करणं, समोरच्याने घड्याळाकडे बघितलं तरी वाक्य पुरं करणं, याला जे लागतं ते माझ्या आजोबांच्या हिशेबात कधी धरलंच गेलं नाही. रस्त्यावर लाठी खाताना शेजारी हजार माणसं असतात. त्या सभागृहात हा माणूस बराच काळ एकटा उभा होता, आणि आपण हरणार हे त्याला उठण्याआधीच माहीत असे.

असाच एक हरलेला कागद आमच्या घरात येऊन पडला. १९२४ मध्ये जोशींनी बाळंतपणाचं बिल आणलं. कारखान्यात, खाणीत, मळ्यात काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी नि नंतर काही आठवडे सुट्टी आणि त्या दिवसांचे काही पैसे. सभागृहाने ते फेटाळलं. पण मुंबईत तो विषय मेला नाही. मुंबई कौन्सिलात, म्हणजे इलाख्याच्या कायदेमंडळात, असवल्यांनी तसंच बिल मांडलं. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि जो मालक बाईच्या श्रमातून नफा काढतो त्याने या खर्चाचा वाटा उचलायलाच हवा, असं त्यांनी बजावलं. १९२९ मध्ये मुंबईचा मातृत्व लाभ कायदा झाला, देशातला पहिला. दिवसाला आठ आणे. ते आठ आणे घेऊन कोण कोण बाजारात गेलं असेल, कुणी डिंक-खोबरं आणलं असेल, कुणी वाण्याची उधारी फेडली असेल. पुढे आमच्या आजीच्या हातातही त्याच कायद्याचे पैसे पडले आणि तिने तपेलं घेतलं.

जोशी फक्त दिल्लीत बसून होते, असंही नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात केली, तेव्हा दीड लाख कामगार बाहेर पडले. अडीच महिने संप चालला. शेवटी सरकारने गिरण्यांच्या कापडावरचा साडेतीन टक्के कर उठवला आणि मालकांनी कपात मागे घेतली. त्या संपात जोशी मदतीच्या कामात बुडालेले होते. त्यातूनच १ जानेवारी १९२६ ला मुंबई टेक्स्टाइल लेबर युनियन निघाली. अध्यक्ष जोशी. वर्गणीची पावती, हिशेबाची वही, तक्रारींची नोंद, असं सगळं रीतसर.

आणि मग १९२८ आलं. दोन साच्यांच्या जागी तीन साचे चालवा, माणसं कमी करा, या योजनांविरुद्ध एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने, मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. संयुक्त संप समितीत जोशी होते, डांगे होते, साचेवाल्यांतूनच वर आलेले अर्जुन आत्माराम आळवे होते. संप संपला तेव्हा लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचे सभासद पन्नास हजारांच्या वर गेले होते. जोशींची युनियन काही हजारांवर राहिली.

आजोबा नंतर ज्या लाटेत वाहत आले ती लाट इथली. आणि इथे मला आजोबांचंच पटतं. खात्याखात्यात गिरणी समित्या उभ्या करून जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, डोळ्याला डोळा देणं, हे लाल बावट्याने कामगाराला शिकवलं. जोशींच्या युनियनला ते जमलं नाही. कामगाराच्या वतीने बोलणारा माणूस कितीही सच्चा असला, तरी कामगाराला स्वतःचा आवाज फुटल्यावर त्याला बाजूला व्हावं लागतं. १९२९ मध्ये जोशींनी कामगारांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या व्हिटली कमिशनमध्ये सभासद म्हणून बसायचं कबूल केलं तेही मला बरोबर वाटत नाही. देशात बहिष्काराची हवा होती, कम्युनिस्टांवरच्या मेरठच्या खटल्यासाठी त्यांच्याच संपसमितीतले सोबती मार्चमध्ये पकडून नेले होते. त्या वर्षाअखेर नागपूरला, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, आयटक फुटली. जोशी बाहेर पडले आणि त्यांनी दुसरी संघटना काढली.

पण त्याच वर्षी दिल्लीत काय चाललं होतं, तेही बघायला हवं. सरकारने औद्योगिक तंट्यांचं बिल आणलं होतं. सार्वजनिक सेवांमध्ये संप करायचा तर चौदा दिवस आधी नोटीस द्या, नाहीतर शिक्षा, अशी अट त्यात होती. जोशींनी त्या कलमांना विरोध केला. बिल तरीही मंजूर झालं. ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकले, तेव्हा जी दोन बिलं देशाच्या डोळ्यांत सलत होती त्यातलं एक हे. एकाच छताखाली, एकाच कायद्याविरुद्ध, खाली जोशींचं भाषण आणि वर गॅलरीतून तो स्फोट. आपण दुसरी गोष्ट लक्षात ठेवली आणि ठेवायलाच हवी. पहिलीही ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे. कारण ती चौदा दिवसांची नोटीस अजून आपल्या मानेवर आहे. १९२६ चा संघटनांचा कायदा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत मिसळला आहे, आणि त्या संहितेत चौदा दिवसांच्या नोटिशीची अट सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना लावली आहे. जोशी असते तर उठून उभे राहिले असते.

गोलमेज परिषदेलाही ते गेले. तिथे प्रौढ मतदान मागितलं, कामगारांचे कायदे केंद्राच्या हाती असावेत म्हणून भांडले. जिनिव्हाच्या मजूर संघटनेच्या कार्यकारिणीवर वर्षानुवर्षं काम केलं. हे सगळं त्यांच्या चरित्राच्या टिपणात असतं. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली एक वेगळीच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते.

१९४१ साल. राजपुतान्यात देवळीला सरकारने छावणी उघडली होती आणि राजबंद्यांना खटला न चालवता तिथे डांबलं होतं. त्यात डांगे होते, जयप्रकाश होते. बंद्यांनी उपोषण सुरू केलं. त्यांना भेटायला जोशी गेले आणि त्यांचं गाऱ्हाणं त्यांनी कायदेसभेत मांडलं. ज्या लोकांनी त्यांची युनियन रिकामी केली, सभांमधून त्यांना मालकधार्जिणे म्हटलं, ज्यांच्याशी पटेना म्हणून दहा वर्षं वेगळी चूल मांडली, त्यांच्यासाठी वयाची साठी ओलांडलेला हा मवाळ मास्तर छावणीच्या दारात उभा राहिला. माणसाला खटल्याशिवाय कोंडणं चूक. मग तो माणूस कोण आहे, आपल्याला काय म्हणाला होता, याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी फुटलेली आयटक पुन्हा एक झाली होती आणि सरचिटणीस म्हणून सगळ्यांनी मिळून निवडले ते जोशीच. लाल बावटेवाल्यांनीसुद्धा.

३० मे १९५५ ला ते मुंबईत वारले.

हे सारं मी तुकड्यातुकड्यांनी वाचत होते तेव्हा माझं पहिलं बाळंतपण आलं. साल १९९४. दुसऱ्यांसाठी मातृत्व लाभाचे अर्ज मी टाइप केले होते. १९६१ च्या कायद्याची बारा आठवड्यांची रजा, भरपगारी. पण हा कायदा दुकानांना आणि ऑफिसांना लागू व्हायला किमान दहा माणसं कामाला लागायची. आमच्या ऑफिसात आम्ही सहाजण होतो. मला दीड महिना बिनपगारी रजा मिळाली, तीही विनवणी करून. कायदा ज्या उंबऱ्याशी थांबतो त्याच्या बाहेर उभं राहणं म्हणजे काय, ते मी तेव्हा अनुभवलं. मुलगी आता एका मोठ्या कंपनीत आहे, तिला सव्वीस आठवडे मिळाले. आमच्या खाली भाजी विकणाऱ्या बाईला शून्य.

त्या दीड महिन्यात मी माहेरी, चाळीतच होते. मुलगी रात्री जागायची, मी तिच्याबरोबर, आणि पलंगावर आजोबा. ऐंशीला आलेल्या माणसाला झोप ती किती. आजीला जाऊन सहा वर्षं झाली होती. एका पहाटे, मुलगी नुकती डोळा लागून पडली असताना, मी त्यांना हळू आवाजात सांगायला लागले. चोवीसचं बिल, ते कसं पडलं, मग मुंबईचा कायदा, आठ आणे. आजीला मिळालेले पैसे मालकाच्या मायेचे नव्हते, कायद्याचे होते, असं मी मोठा शोध लावल्यासारखं म्हणाले.

"मला माहीत आहे," आजोबा म्हणाले.

मी गप्प.

"सभेत सांगितलं होतं आम्हाला. पहिलं बिल जोशींनी आणलं, ते पाडलं. मग असवल्यांनी. तेव्हापासून माहीत आहे."

"मग आजीला का नाही सांगितलंत? ती मरेपर्यंत मालकाचं नाव घेत होती."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. गिरण्या बंद पडल्यापासून पहाटेचा भोंगा नव्हता, पण त्या वेळेला ते अजूनही कान देऊन थांबायचे, तसे थांबले.

"तिला सांगायचं तर जोशींचं नाव घ्यावं लागलं असतं," ते म्हणाले. "ते माझ्या तोंडून निघेना. मालकाचं मी चालवून घेतलं."

मुलगी चुळबुळायला लागली. मी उठले आणि तपेल्यात पाणी ओतून ते स्टोव्हवर चढवलं.